टास्क मॅनेजरमधली ही मंडळी कोण? (ओळखीच्या नसलेल्या प्रोसेसेस)

ठाकूरद्वार_नाका | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. घरी बसून छोट्या दुकानदारांची जीएसटीची कामं करते. जुन्या पीसीने मान टाकली म्हणून मागच्या महिन्यात लॅमिंग्टन रोडवरून एक रिफर्बिश्ड डेस्कटॉप घेतला. आय५ आठवी जनरेशन, १६ जीबी रॅम, एसएसडी. विंडोज १० दुकानातच टाकून मिळालं. "मॅडम, सगळं टाकलंय, फक्त प्लग लावा."

मशीन तसं झकास आहे. पण मी काही करत नसताना मधूनच पंखा जोरात फिरायला लागतो. म्हणून टास्क मॅनेजर उघडला तर आत ही जत्रा! एसव्हीसीहोस्ट इतके की मोजायचा कंटाळा आला. सीटीएफमॉन, डीएलएलहोस्ट, रनटाइमब्रोकर. जावा कशासाठी चालू आहे कळत नाही. आणि एक असं, ज्याच्यापुढे कंपनीचं नावच नाही. एंड टास्क केलं की जातं आणि थोड्या वेळाने परत हजर.

यातलं काय बंद करायचं आणि कशाला हात लावायचा नाही? फॉरमॅट मार असं कृपया सांगू नका, २० तारखेच्या आत थ्रीबी (जीएसटीचे रिटर्न) भरायचे आहेत.

बंबखाना | रात्री १०:४९

फॉरमॅट.

साधा_डोसा | रात्री १०:५१

वाचायचे पण कष्ट नकोत या माणसाला.

शिवडीकर | रात्री ११:१५

ताई, यातली बहुतेक मंडळी घरचीच आहेत. एकेकाची ओळख करून देतो.

एसव्हीसीहोस्ट म्हणजे विंडोजच्या सर्व्हिसेस चालवणारा यजमान. अपडेट, वायफाय, आवाज, तारीख-वेळ अशी सगळी खाती त्याच्या पोटात चालतात. पूर्वी एकेका एसव्हीसीहोस्टमध्ये बऱ्याच सर्व्हिसेस कोंबलेल्या असायच्या आणि एक कोसळली की शेजारणींना घेऊन पडायची. २०१७ साली विंडोज १० ची १७०३ ही आवृत्ती आली, तेव्हापासून ३.५ जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर बहुतेक सर्व्हिसेसना वेगवेगळा एसव्हीसीहोस्ट मिळतो. तुमच्याकडे १६ जीबी, त्यामुळे गर्दी दिसणारच.

सीटीएफमॉनला हात लावू नका. मराठी-इंग्रजी कीबोर्ड बदलण्याचं काम त्याच्याकडे आहे. तो मारला की स्टार्ट मेनूच्या सर्चमध्ये टाइप होणंसुद्धा बंद पडू शकतं. डीएलएलहोस्ट फोटो-व्हिडिओंची छोटी चित्रं काढताना दिसतो. एखादी बिघडलेली फाइल आली तर तो एकटा पडतो, अख्खा एक्सप्लोरर पडत नाही. रनटाइमब्रोकर स्टोअरमधल्या ॲप्सच्या परवानग्या बघतो. आणि "सिस्टिम आयडल प्रोसेस ९५ टक्के" बघून कुणी दचकू नका. त्याचा अर्थ प्रोसेसर ९५ टक्के रिकामा बसलाय.

बिननावाच्या पाहुण्याबद्दल मात्र जाणकार सांगतील.

ताळेबंद | रात्री ११:३८

जावाचं मी सांगतो. तुमच्याकडे एखादी प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी आहे का? त्यांना रिटर्नवर डिजिटल सही लागते, आणि त्यासाठी जीएसटी पोर्टल ईएमसायनर टाकायला लावतं. ते जावाच्या जोरावर मागे बसून राहतं आणि स्वतःच्याच मशीनवर, म्हणजे १२७.०.०.१ वर, १५८५ नंबरच्या पोर्टवर पोर्टलची वाट बघतं. नुसत्या प्रोप्रायटर लोकांचं ओटीपीवर भागत असेल तर ते कायम चालू ठेवायची गरज नाही.

आपल्या धंद्यातले आणखी ओळखीचे चेहरे: टॅली ९००० पोर्ट धरून बसतं, त्याला घाबरू नका. टोकनच्या (डिजिटल सही ठेवलेल्या यूएसबीच्या) ड्रायव्हरचं काहीतरी घड्याळाशेजारी असतं. आणि एक जरूर बघा: टॅली दुरुस्त करायला आलेला माणूस एनीडेस्क किंवा अल्ट्राव्ह्यूअर (दुरून मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून काम करतो आणि तसंच सोडून जातो. ते सर्व्हिस म्हणून बसलं की मशीन चालू होताच तेही चालू. सॉफ्टवेअर वाईट नाही, पण पासवर्ड त्या माणसाला माहीत असतो. आमच्या ऑफिसात काम झालं की मी ते काढायलाच लावतो, कितीही "साहेब, परत लागेल" म्हणाला तरी.

लोखंडी_जिना | मंगळवार, सकाळी ८:२०

शिवडीकरांनी ओळख छान करून दिली, पण त्यात एक अडचण आहे. नावावरून ओळखायचं ठरवलं की फसणं सोपं होतं, कारण फाइलला नाव कुणीही काहीही देऊ शकतो. काळा कोट घातला की गर्दीत कुणीही टीसी वाटतो, ओळखपत्र मागितल्यावर खरं काय ते कळतं. एलसॅस ही लॉगिन सांभाळणारी खरी विंडोज प्रोसेस. तिचं पहिलं अक्षर स्मॉल एल. त्याजागी कॅपिटल आय टाकला तर टास्क मॅनेजरच्या फॉन्टमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. एसव्हीसीहोस्टमध्ये व्ही आणि सीची अदलाबदल हा तर फार जुना डाव.

मी ऑफिसात रोज हेच करतो, त्यामुळे माझी पद्धत सांगतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, डिटेल्स टॅबवर जा. वरच्या पट्टीवर राइट क्लिक करा, सिलेक्ट कॉलम्स, त्यात "इमेज पाथ नेम" आणि "कमांड लाइन" या दोन खुणा करा. आता तोच तक्ता बोलायला लागेल. एलसॅस, एसव्हीसीहोस्ट, सीटीएफमॉन यांचा पत्ता सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टिम३२ असाच हवा. एक्सप्लोरर मात्र थेट विंडोज फोल्डरमध्ये राहतो, तो सिस्टिम३२ मध्ये दिसला तर तिथे काहीतरी पाणी मुरतंय. एसव्हीसीहोस्टच्या कमांड लाइनमध्ये डॅश-के आणि पुढे गटाचं नाव असतं, ते नसेल तर संशय घ्या. त्याच्यावर राइट क्लिक करून "गो टू सर्व्हिसेस" केलंत की पोटात कोण आहे तेही दिसतं.

याच्या पुढे जायचं तर प्रोसेस एक्सप्लोरर घ्या. सिसइंटर्नल्सचं हे हत्यार, मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला प्रपंच, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच विकत घेतला. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून उतरवा, भलतीकडून नको. त्यात कुणी कुणाला जन्म दिला ते झाडासारखं दिसतं. खऱ्या एसव्हीसीहोस्टचा बाप नेहमी सर्व्हिसेस.ईएक्सई. वर्ड किंवा पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रामच्या पोटी पॉवरशेल (विंडोजला लेखी आज्ञा देण्याचं साधन) जन्मलेलं दिसलं तर आधी नेटची वायर काढा आणि मग विचार करा. ऑप्शन्समध्ये "व्हेरिफाय इमेज सिग्नेचर्स" चालू केलं की प्रत्येकापुढे सही खरी की नाही ते येतं.

सहीबद्दल मात्र टोकाला जाऊ नका. आपल्याकडची कितीतरी छोटी अकाउंटिंग सॉफ्टवेअर्स आणि जुने डोंगल ड्रायव्हर बिनसहीचे असतात. उलट रनडीएलएल३२, पॉवरशेल, डब्ल्यूस्क्रिप्ट ही दिलेली फाइल किंवा आज्ञा चालवणारी विंडोजचीच मंडळी, यांच्यावर मायक्रोसॉफ्टची खरीखुरी सही असते आणि तरी त्यांच्याकरवी नको ते करून घेता येतं. तिथे कमांड लाइनच बघावी लागते, म्हणजे त्यांना नेमकं काय चालवायला सांगितलंय ते.

आणि एक. उगाच एंड टास्क करत सुटू नका. सीएसआरएसएस किंवा विनइनिट मारलंत तर निळी स्क्रीन येईल आणि अर्धं भरलेलं रिटर्न जाईल.

ताई, त्या बिननावाच्या गड्याचा पत्ता आणि कमांड लाइन इथे टाका.

अनामिक_वाचक | सकाळी ८:४१

रुमाल टाकून ठेवतो.

कुर्ला_स्लो | सकाळी ९:०५

डब्ल्यूस्क्रिप्टवरून आठवलं. कॉलेजजवळच्या एका झेरॉक्सवाल्याकडे प्रोजेक्टची प्रिंट काढली, घरी पेनड्राइव्ह लावला तर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले. त्यातला एक मी उघडला. आतल्या फाइल्स व्यवस्थित दिसल्या म्हणून कुणाला शंका पण येत नाही. टास्क मॅनेजरमध्ये "मायक्रोसॉफ्ट विंडोज बेस्ड स्क्रिप्ट होस्ट" असं एकदम सज्जन नाव, सही पण ओरिजिनल. कमांड लाइन बघितली तर ॲपडेटा, रोमिंग आणि पुढे काहीतरी कचकच अक्षरांची व्हीबीएस फाइल.

मग असं केलं: आधी डब्ल्यूस्क्रिप्ट एंड, मग ती फाइल उडवली, मग ऑटोरन्समध्ये (मशीनसोबत आपोआप काय चालू होतं ते दाखवणारं सिसइंटर्नल्सचंच हत्यार) जाऊन स्टार्टअपची नोंद काढली. नोंद राहिली की रीस्टार्टला परत येतं. पेनड्राइव्हवरचे खरे फोल्डर गेलेले नसतात, नुसते लपवलेले असतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिब, वजा एच, वजा एस लावून सगळे परत आले. तेव्हापासून प्रिंटसाठी पीडीएफ मेल करतो, पेनड्राइव्ह नाही.

बंबखाना | सकाळी ९:३०

एवढा खटाटोप कशाला? नाव गुगल करा, पहिल्याच लिंकवर व्हायरस आहे की नाही लिहिलेलं असतं.

लोखंडी_जिना | सकाळी ९:५२

त्या पहिल्या लिंकच्या खाली "आमचा स्कॅनर उतरवा" असं हिरवं बटण असतं ना, तिचं पोट त्याच्यावर चालतं. त्यामुळे तिथे प्रत्येक प्रोसेस "संभाव्य धोकादायक" असते. आणि नाव खरं असूनही फाइल खोटी असू शकते हे वर लिहिलंय. तपासायचीच तर फाइल तपासा, व्हायरसटोटलवर. सत्तरच्या आसपास अँटीव्हायरस एकदम मत देतात. एक-दोन अनोळखी इंजिनांनीच लाल दाखवलं तर खोटा गजरही असू शकतो. नावाजलेल्या बहुतेकांनी दाखवलं तर विषय संपला.

ताळेबंद | सकाळी १०:१०

थांबा. व्हायरसटोटलवर चढवलेली फाइल इतर संशोधकांना आणि कंपन्यांना उतरवता येते. ईएक्सई ठीक आहे, पण उत्साहाच्या भरात कुणी क्लायंटची एक्सेल शीट किंवा बॅलन्सशीटचं पीडीएफ चढवू नका. आमच्याकडे एका आर्टिकलला (सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलाला) वेळेवर अडवलं होतं.

लोखंडी_जिना | सकाळी १०:१६

बरोबर, हे सांगायलाच हवं होतं. फाइल चढवायची गरजच नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल, डॅश-हॅशफाइल, मग फाइलचा पत्ता आणि शेवटी एसएचए२५६ असं दिलं की ६४ अक्षरांचा ठसा मिळतो. नुसता तो ठसा व्हायरसटोटलच्या सर्चमध्ये टाका. फाइल आधी कुणी तपासली असेल तर निकाल लगेच दिसतो, तुमच्या घरातून काहीच बाहेर जात नाही.

साधा_डोसा | दुपारी १:२५

अवांतर: सासऱ्यांना फोन आला होता, "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमच्या पीसीत व्हायरस आहे." त्यांना इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावून त्यातल्या लाल खुणा दाखवल्या. सासऱ्यांनी "माझा पीसी कालच भंगारवाल्याला दिला" म्हणून फोन ठेवला. पीसी समोर चालू होता.

शिवडीकर | दुपारी १:४०

सासरे भारी! इव्हेंट व्ह्यूअरमध्ये लाल खुणा ठणठणीत मशीनवरही असतात. मायक्रोसॉफ्ट आपणहून कधी फोन करत नाही. कुणाचे पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा, जितका उशीर तितकं अवघड.

ठाकूरद्वार_नाका | रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार. दिवसभर कामात होते, आत्ता बसून सगळं केलं.

जावा म्हणजे ईएमसायनरच निघालं. एक प्रायव्हेट लिमिटेड आहे माझ्याकडे. एनीडेस्क वगैरे नाही. एसव्हीसीहोस्टचे सगळे पत्ते सिस्टिम३२ चेच, डॅश-के पण आहे.

बिननावाच्या प्रोसेसचा पत्ता: सी ड्राइव्ह, प्रोग्रामडेटा, आणि त्यात एक फोल्डर जो मी केलेला नाही. सही नाही. टास्क शेड्यूलरमध्ये त्याच्याच नावाचं एक काम लावलेलं आहे, म्हणून परत येतो बहुतेक. नेटस्टॅट, डॅश-एएनओ करून बघितलं तर त्याचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) १६८८ पोर्टवर "लिसनिंग" दाखवतोय. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये तो सीपीयू जवळजवळ खातच नाही. मग पंखा कोण फिरवतंय?

लोखंडी_जिना | रात्री १०:२०

ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पंखा फिरतो तेव्हा सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून वर कोण येतं ते बघा. काही चोरून क्रिप्टो कॉइन काढणारे प्रोग्राम टास्क मॅनेजर उघडला की गप्प बसतात, म्हणून प्रोसेस एक्सप्लोरर किंवा रिसोर्स मॉनिटरमधूनच बघा.

१६८८ ऐकून मात्र मी सावरून बसलो. हा केएमएसचा ठरलेला पोर्ट. मोठ्या कंपन्यांत शेकडो विंडोज असतात, त्यांची खातरजमा एक सर्व्हर करतो, तो हा केएमएस. प्रत्येक पीसीने १८० दिवसांच्या आत त्याच्याकडे हजेरी लावायची असते. तुमच्या घरी असा सर्व्हर कुठून येणार? म्हणजे कुणीतरी तुमच्याच मशीनवर खोटा सर्व्हर बसवलाय, जो तुमच्याच विंडोजला "हो, हे अस्सल आहे" असं सांगत राहतो. त्याला कायम जिवंत राहावं लागतं, म्हणून मारला तरी उठतो.

खात्री करायची तर कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, स्लॅश-डीएलव्ही. खिडकीत "व्हॉल्यूम केएमएसक्लायंट" दिसतं का बघा. आणि विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, अगदी खाली एक्सक्लूजन्स. तिथे काय आहे ते सांगा.

ठाकूरद्वार_नाका | रात्री १०:४७

व्हॉल्यूम केएमएसक्लायंटच. एक्सक्लूजन्समध्ये तो फोल्डर तर आहेच, शिवाय अख्खं प्रोग्रामडेटा आहे!

पंख्याचं सापडलं. सर्चइंडेक्सर. रविवारी जुन्या हार्ड डिस्कवरचे क्लायंटचे सगळे पीडीएफ या मशीनवर घेतले होते.

शिवडीकर | रात्री १०:५५

मग पंखा निर्दोष! इंडेक्सर नवीन फाइल्स वाचून सर्चसाठी नोंदी करतो. तुम्ही काम करत असलात की हात आखडता घेतो, उठलात की जोर धरतो. म्हणून तुम्हाला "काही करत नसताना" ऐकू आला. सगळे पीडीएफ वाचून झाले की थांबेल.

बंबखाना | रात्री ११:०१

म्हणजे फॉरमॅट.

लोखंडी_जिना | रात्री ११:२४

हो बाबा, फॉरमॅट. पण का ते आता कळलं, आणि कधी तेही ठरवता येईल.

ताई, परवान्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी डिफेंडरला (विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसला) "प्रोग्रामडेटाकडे बघू नकोस" असं सांगून ठेवलंय हे मला जास्त खटकतं. तिथे उद्या काहीही येऊन बसलं तरी तो ओरडणार नाही. असे ॲक्टिव्हेटर (विंडोजला खोटं अस्सल ठरवणारे प्रोग्राम) कुठल्या साइटवरून आणतात आणि सोबत काय येतं याची हमी ते टाकणारासुद्धा देऊ शकत नाही. फक्त ती प्रोसेस काढून मशीन स्वच्छ झालं असं मी तरी म्हणणार नाही, क्लायंटचा डेटा असलेल्या मशीनवर तर नाहीच.

२० तारखेपर्यंत रिटर्न्स दुसऱ्या मशीनवरून भरा. डिजिटल सहीची किल्ली यूएसबी टोकनच्या आतच असते, तिची प्रत बाहेर काढता येत नाही, त्यामुळे टोकन बदलायला नको. पण पोर्टल, मेल आणि बँकेचे पासवर्ड मात्र बदला, आणि ते या मशीनवर बसून नाही. टॅलीचा डेटा फोल्डर आणि पीडीएफ बाहेरच्या डिस्कवर घ्या. ईएक्सई काही घेऊ नका.

ताळेबंद | रात्री ११:३०

टोकनचा पिनही बदला. या मशीनवर टाइप केलेला आहे ना.

शिवडीकर | रात्री ११:४१

लॅमिंग्टन रोडच्या सगळ्यांना एका माळेत ओवू नका, ही विनंती. मी वर्षानुवर्षं तिथूनच घेतो, बिलावर परवान्याची ओळ लिहून देणारी दुकानं आहेत. मागावं लागतं एवढंच.

आणि ताई, नवीन परवान्याचे पैसे घालायच्या आधी हे बघा. कंपन्यांतून निवृत्त झालेल्या अशा ब्रँडेड मशीनच्या बायॉसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) बनवणाऱ्याने भरलेली मूळ विंडोज किल्ली बऱ्याचदा शाबूत असते. पॉवरशेलमध्ये गेट-सिमइन्स्टन्स वापरून सॉफ्टवेअरलायसन्सिंगसर्व्हिसमधली "ओए३एक्स ओरिजिनल प्रॉडक्ट की" विचारा. पंचवीस अक्षरं आली तर तुमचा परवाना मशीनमध्येच आहे, उगाच त्याच्यावर चोरीचा थर चढवलाय. त्याच एडिशनचं विंडोज ताजं टाकलं की नेट लागल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

ठाकूरद्वार_नाका | बुधवार, सकाळी ७:५०

पंचवीस अक्षरं आली! दुकानात फोन केला तर म्हणतो, "मॅडम, सगळे असंच टाकतात, फास्ट पडतं." म्हटलं, तुमचं फास्ट तुमच्यापाशी.

भावाचा लॅपटॉप आणलाय, थ्रीबी त्याच्यावर. पासवर्ड आणि पिन पण त्याच्यावरूनच बदलतेय. इथली नेटची वायर काढून ठेवली. २१ ला फॉरमॅट करते. तेव्हा १० च टाकू की ११?

लोखंडी_जिना | सकाळी ८:१४

११. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि आठव्या जनरेशनच्या आय५ वर ११ अधिकृतपणे चालतं. टाकायची पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून भावाच्या लॅपटॉपवर बनवा. इन्स्टॉल करताना जुनी सगळी पार्टिशन्स काढून टाका, नुसतं रीसेट नको.

मग आधी अपडेट्स, मग टोकनचा ड्रायव्हर, ईएमसायनर, टॅली, प्रिंटर. अपडेट चालू असताना टीआयवर्कर (अपडेट बसवणारा) आणि डिफेंडरचा अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल दोघंही सीपीयू खातील, पंखा फिरेल, फिरू द्या. सगळं टाकून झालं आणि मशीन शांत झालं की कमांड प्रॉम्प्टमध्ये टास्कलिस्ट, स्लॅश-एसव्हीसी करून ती यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये वळवून ठेवा, तारखेसकट. पुढच्या वेळी काही अनोळखी दिसलं तर ते त्या यादीत आहे का एवढंच आधी बघायचं.

साधा_डोसा | सकाळी ८:२०

ही यादी मी आजच सासऱ्यांच्या पीसीवर करतो. भंगारवाल्याकडून परत आलाय तो.